ओ

मत्रहच्या धक्क्यावर तिनं पिशवीतून वंशवृक्ष काढला,
प्लॅस्टिकमध्ये घातलेला.
सकाळचे आठ, तरी तो उन्हानं वाकायला लागला होता.
ब्रोना ओड्रिस्कोल. राहणार कॉर्क.
(बाटलीच्या बुचाचं नाव असलेला जिल्हा, मी मनात म्हटलं.)
घामेजल्या बोटानं तिनं दाखवला तो : हा दर्मोद.
पणजीचा भाऊ, तारखात्यात कारकून.
समुद्राखालून आलेले ठिपके नि रेघा वाचत
मस्कतात दोन उन्हाळे काढले,
तिसरा त्याला लागला नाही.

"आमच्याकडे सगळे उलटे येतात," ती म्हणाली,
"अमेरिकेतून, बसा भरभरून,
मूळ शोधायला.
माझ्या गोठ्यासमोर उभे राहून रडतात,
गोठा माझ्या नवऱ्यानं बांधलाय ऐंशी साली.
मी सांगत नाही."

तारघर होतं म्हणतात तिथं हलव्याचं दुकान.
मालकानं आधी कहवा पाजला, मग ऐकून घेतलं,
मग म्हणाला, वरचं सगळं नवं, फरशी मात्र जुनी.
मी भाषांतर करेपर्यंत
ब्रोनानं चपला काढल्या होत्या.
तुपकट फरशीवर दोन गोरी पावलं,
सत्तर वर्षांची, निळ्या शिरांची,
बराच वेळ.
गिऱ्हाईक बाजूनं जात राहिलं.

"तुमच्या नावातला ओ म्हणजे काय?"
"नातू. अमक्याचा नातू.
हजार वर्षं झाली, आम्ही आपले नातूच."
मग माझी पाळी.
हिंदळेकर म्हणजे हिंदळ्याचे.
"कसं आहे हिंदळं?"
दोनदा गेले आहे.
एकदा आजोबांच्या बाराव्याला,
एकदा सातबाऱ्यावरून आमचं नाव कमी करायला.
सही केली तेव्हा तलाठ्याच्या टेबलावर
कुणीतरी आणलेले कच्चे काजू होते,
त्यांचा डाग अजून माझ्या अंगठ्यावर आहे
असं मला उगीच वाटतं.
हे तिला सांगितलं नाही.
हिरवं आहे, म्हटलं.

दुपारी दाद करीमची होडी.
कबरी डोंगराच्या कुशीत, जमिनीवरून वाट नाही.
खारट वाऱ्यानं अक्षरं खाल्लेली,
एका दगडावर नुसतं साल,
एकावर अर्धा नांगर.
तिनं एकेक दगड हातानं वाचला,
भाकरी थापावी तसा तळवा फिरवत.
दर्मोद नव्हता.
असेलही, वाचता येत नव्हता.

मग ती पाण्याकडे पाठ करून उभी राहिली
आणि कड्याला तोंड देऊन ओरडली,
पूर्ण नाव, आडनावासकट.
कड्यानं पुढचं सगळं गिळलं,
परत दिलं एवढंच :
ओ...

मला हसू आलं, मग नाही आलं.
कारण आमच्यात हाकेला हेच उत्तर.
रुवीच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावरून
बाबा जिन्यात वाकून ओरडायचे,
"हाक मारतंय मी, ओ दी गो!"
खाली सिमेंटच्या ढिगात खेळणारी मी
मुद्दाम गप्प.
ती बिल्डिंग पाडली. बाबा गेले,
तेही इथेच, विमानानं नेले.

"काय म्हणाला तो?" ब्रोनानं विचारलं.
मी दुभाषी आहे, ताशी दहा रियाल घेते,
चुकीचं सांगायचं नाही असा नियम आहे माझा.
"आलो, म्हणाला."
दाद करीम म्हणाला, भरती चढते आहे, बायांनो, चला.

गेल्या आठवड्यात रहिवासी कार्डाचं नूतनीकरण.
जन्म मत्रह, वय सेहेचाळीस, मुदत दोन वर्षं.
खिडकीतल्या पोरानं माझं नाव
तीन ठिकाणी मोडून पुकारलं.
तोंडातून निघून गेलं,
"ओ!"
त्यानं मान वर केली नाही.
पुन्हा पुकारलं.